पारसिकची उघडी कूस

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये डाव्या हाताची खिडकी मिळाली की दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पारसिकची रांग सोबत करते. मध्ये एमआयडीसीचे कारखाने येतात, विजेचे मनोरे येतात, नव्या इमारती येतात, तरी डोंगर अधूनमधून डोकं वर काढतोच. पावसाळ्यात हिरवा, एरवी तपकिरी, आणि जिथे दगडखाणींनी पोट कापलं आहे तिथे बारा महिने काळा-राखाडी. या रांगेला नैसर्गिक वारसास्थळ म्हणून कायद्याचं संरक्षण मिळायला हवं. त्या संरक्षणात डोंगराच्या हिरव्या माथ्यासोबत खाणींनी उघड्या पाडलेल्या काही निवडक भिंतीही यायला हव्यात. पहिली मागणी बहुतेकांना पटेल. दुसरी विचित्र वाटेल, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

विझलेला ज्वालामुखी जपायचा म्हटलं की जगभर डोळ्यांसमोर येतो तो शंकू. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातला कॅप्युलिन १९१६ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. सपाट माळावर सुमारे ४०० मीटर उठलेला राखेचा आणि जळक्या खड्यांचा ढीग, वर वाटीसारखं तोंड. तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. लाव्ह्याचे शिंतोडे हवेत उडाले, थंड होऊन तोंडाभोवती पडले, त्यांचा ढीग झाला. आकार हाच पुरावा, त्यामुळे आकार राखला की पुरावा राखला जातो.

आपल्याकडे तसा शंकू नाही. हाजी मलंगचा कडा किंवा कर्नाळ्याचा सुळका दाखवून ‘हे ज्वालामुखीचं तोंड’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण ते खरं नाही. हे सुळके झिजेतून उरलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. तो पातळ होता, म्हणून ढीग न होता दूरवर वाहत गेला आणि थरावर थर साचत गेले. आज उरलेला त्याचा विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या ज्वालामुखीचा पुरावा डोंगराच्या बाहेरच्या आकारात नसून आत, थरांच्या छेदात आहे. तो छेद सह्याद्रीच्या घाटात कड्यांवर दिसतो. शहराजवळ मात्र झाडी, माती आणि मुरूम यांच्याखाली तो झाकलेला होता. पारसिकच्या कुशीत तो उघडा केला दगडखाणींनीच. डोंगराचं नुकसान झालं हे खरंच आहे, पण त्या नुकसानीतून जे वाचता येण्याजोगं झालं तेही आता राडारोडा टाकून बुजवलं किंवा त्याला टेकून टॉवर उभे केले, तर नुकसान दुप्पट होईल.

अशा भिंतीसमोर उभं राहिलं तर काय पाहायचं? खालून वर वाचत जायचं. एका लाव्हाथराचा मधला भाग घट्ट, काळा, फोडला तर धारदार कपची निघणारा. खडीवाल्यांना हवा असतो तो हाच. वर सरकलं की दगडात बारीक पोकळ्या वाढत जातात, कारण निवणाऱ्या लाव्ह्यातले वायू वर चढून तिथेच अडकले. त्या पोकळ्यांत नंतर पाझरलेल्या पाण्याने गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी फिकट खनिजं भरली, म्हणून तिथला दगड पांढऱ्या ठिपक्यांचा दिसतो. त्याच्याही वर कुठे कुठे विटकरी लाल पट्टा असतो, कधी चार बोटांचा, कधी हातभर. हा पट्टा फार मोलाचा. एक लाव्हा येऊन गेल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात वरचा भाग कुजून माती झाली. तीच माती पुढच्या लाव्ह्याने भाजली. म्हणजे लाल पट्टा म्हणजे मधली विश्रांती. एका भिंतीत दोन लाल पट्टे असतील तर दोनदा मोठा खंड पडला असं थेट बोट ठेवून दाखवता येतं. पाठ्यपुस्तकात चार ओळींत संपणारी गोष्ट इथे दहावीच्या मुलाला पाच मिनिटांत कळते.

आडव्या थरांना छेदून जाणारी उभी काळी भिंत दिसली तर ती डाइक, म्हणजे भेगेत वर चढताना तिथेच गोठलेला लाव्हा. ठाणे जिल्ह्यात आणि उत्तर कोकणात अशा डाइक मुबलक आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला पाच-सहा बाजूंच्या खांबांसारख्या भेगा पडतात. हे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात असतात. वाहत गेलेल्या थरात पृष्ठभाग आडवा, म्हणून खांब उभे. डाइकमध्ये दोन्ही बाजूंचा खडक उभा, म्हणून खांब आडवे, रचून ठेवलेल्या फाट्यांच्या राशीसारखे. शंकू नसलेल्या प्रदेशात ज्वालामुखीच्या वाटेच्या सर्वांत जवळ जाता येतं ते इथेच.

या पट्ट्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि त्याला आपल्याच गावाचं नाव आहे. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ सपाट आहेत. पनवेलच्या आसपास मात्र ते पश्चिमेला, समुद्राकडे कलतात. काही ठिकाणी हा कल दहा अंशांच्या आसपास जातो. भूशास्त्रात या वाकलेल्या पट्ट्याला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात, आणि पश्चिम किनारा कसा घडला, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून कसा तुटला, याच्या अभ्यासात तो पुन्हा पुन्हा येतो. मोबाइलमधल्या कोनमापकाने लाल पट्ट्याचा कल मोजायचा, होकायंत्राने दिशा पाहायची. एवढ्या साधनांवर शाळेच्या सहलीत हे काम होतं. अट एकच, भिंत उघडी हवी आणि तिच्याजवळ सुरक्षितपणे पोचता यायला हवं.

नुसता खडक वाचवला तर काय होतं याचं उदाहरण खाडीपलीकडे आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे ६० मीटर उंचीचा खांबांचा कातळ. मुंबईच्या वारसा यादीत तो आहे. पण चारी बाजूंनी दगड काढून झाल्यावर, वस्ती आणि इमारती पायथ्याला भिडल्यावर संरक्षण आलं. खांब उरले, पण ते पाहायला मोकळी जागा उरली नाही, आणि सुटणाऱ्या दगडांना पडायलाही उरली नाही. संरक्षित खडकाच्या खालीच माणसं राहत असतील तर प्रत्येक पावसाळ्यात खडकाला जाळ्या मारा, सिमेंट फवारा, अशी मागणी होणारच, आणि तिथे राहणाऱ्यांच्या बाजूने ती रास्तच आहे. दोष मागणीचा नाही, हद्द खडकाच्या पायाशी आखण्याचा आहे.

न्यूझीलंडच्या ऑकलंडचा अनुभव आपल्या जास्त जवळचा आहे. त्या शहरात पन्नासहून अधिक लहान ज्वालामुखी आहेत, आणि शहर वाढत असताना रस्ते-रुळांसाठी त्यांचे शंकू खणून नेले गेले. ‘थ्री किंग्ज’ नावाच्या जागेतल्या मोठ्या शिखरांपैकी आज एकच उभं आहे. १९१५ मध्ये शंकूंच्या खोदाईला मर्यादा घालणारा कायदा आला, तरी तोडफोड पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. १९७० च्या दशकात त्यांनी एक वेगळा नियम केला: शहरातल्या ठरावीक जागांवरून शंकू दिसला पाहिजे, त्या दृष्टिरेषेच्या आड येईल एवढी उंच इमारत बांधायची नाही. नंतर २०१४ मध्ये चौदा शंकूंची मालकी तिथल्या मूळ माओरी समूहांकडे परत गेली. यातून आपण घ्यावं ते दृष्टिरेषेचं कलम. आगरी-कोळी गावांच्या पाठीशी पिढ्यान्‌पिढ्या हा डोंगर आहे. खाडीतल्या होडीतून, गावच्या वेशीतून, रेल्वे फलाटावरून तो दिसणं हाही वारशाचा भाग आहे. पाच-सहा ठिकाणं ठरवून तिथून माथ्याची रेघ अखंड दिसेल एवढी उंचीची मर्यादा आखणं नियोजनाच्या दृष्टीने अवघड काम नाही.

तिसरा धडा ॲरिझोनातल्या सनसेट क्रेटरचा. १९२८ मध्ये एका चित्रपट कंपनीला दरड कोसळण्याचं दृश्य हवं होतं म्हणून हा शंकू सुरुंगाने उडवायचा बेत होता. लोकांनी आवाज उठवला आणि १९३० मध्ये तो राष्ट्रीय स्मारक झाला. पण घोषणेनंतर चाळीसएक वर्षांत चढणाऱ्यांच्या पायांनीच भुसभुशीत उतारावर घळी पडल्या, आणि १९७३ मध्ये माथ्यावर जाणारी वाट बंद करावी लागली. सुरुंगापासून वाचलेला डोंगर बुटांनी झिजत होता. आपला बेसॉल्ट, म्हणजे हा लाव्ह्याचा काळा खडक, राखेएवढा भुसभुशीत नाही, पण त्यावरची माती आणि मुरूम तसेच आहेत. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावर शेकडो पायांनी एकाच उतारावर वाट पाडली की दोन पावसांत तिचा ओहोळ होतो. वाट आडव्या वळणांची हवी, पाणी बाहेर काढणाऱ्या दगडी आडव्या पट्ट्यांसह. सरळ चढणाऱ्या चोरवाटा काट्याकुट्यांनी बंद कराव्या लागतात, आणि हे काम दरवर्षी करावं लागतं.

आता कायद्याकडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात काही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केल्या आहेत. आपलं लोणार त्यात आहे, उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे लाव्ह्याचे खांबही आहेत. पण या बिरुदाला स्वतःच्या कायद्याचं बळ नाही. तसा कायदा व्हावा म्हणून खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये भूवारसा विधेयकाचा मसुदा काढला होता. पारसिकसाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायची गरज नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असू शकतं याची यादी आहे. त्यात नैसर्गिक सौंदर्याची क्षेत्रं आणि नैसर्गिक वा शास्त्रीय महत्त्वाच्या जागा जपण्याची तरतूद आहे. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर कलम ३७ आहे: सूचना, हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी. बांधकामासाठीचा दगड हे गौण खनिज आहे, त्याचे नियम राज्याच्या हातात आहेत. जो भाग वनजमीन आहे त्याला १९८० चा वन संवर्धन कायदा लागू आहे. खाणपट्टा पाच हेक्टरांहून लहान असला तरी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलं आहे. हत्यारं आहेत. पण एक भोक आहे, आणि ते बुजवल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

ते भोक उताराचं. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उताराच्या डोंगरजमिनीवर बांधकामाला मनाई आहे. १:५ म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, वीस टक्के, सव्वाअकरा अंश. नियम चांगला आहे. आता खाणीचा विचार करा. तीस अंशांचा उतार होता. खाणीने तो आडवा कापला, मागे ताठ भिंत आणि पुढे सपाट तळ राहिला. आज मोजणी केली तर तळाचा उतार जवळजवळ शून्य. म्हणजे ज्या जमिनीवर निसर्गाने आणि नियमाने बांधकाम नाकारलं होतं, तिथे डोंगर कापल्याचं बक्षीस म्हणून बांधकामाचा दरवाजा उघडतो. शिवाय इमारत बसते ती नेमकी भिंतीच्या पायाशी, दगड पडायच्या जागी.

म्हणून पहिली मागणी नेमकी हवी: उतार मोजायचा तो खाणकामापूर्वीचा. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली ते १९७० हे आधारवर्ष धरावं आणि त्याच्या जवळचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे पुरावा मानावेत. इथे एक तांत्रिक अडचण येते. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सहसा उंचीच्या वीस मीटरच्या अंतराने असतात. १:५ च्या उतारावर वीस मीटर चढायला शंभर मीटर लागतात, ते नकाशावर फक्त दोन मिलिमीटर भरतात. रेषेच्या जाडीतच वाद निघू शकतो. त्यामुळे जिथे दोन रेषांमधलं अंतर दोन-तीन मिलिमीटर आहे तिथे संशयाचा फायदा डोंगराला, असं नियमात लिहूनच ठेवायला हवं. तसं लिहिलं नाही तर संशयाचा फायदा कुणाला मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी मागणी हद्दीची. ‘पारसिक डोंगर’ एवढं लिहून भागत नाही, कारण डोंगराला सातबारा नसतो. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, प्रत्येक वळणाच्या बिंदूचे अक्षांश-रेखांश, आणि जमिनीवर भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने रोवलेले दगड, हे सगळं अधिसूचनेच्या परिशिष्टात हवं. हद्द माथ्यावर न आखता उतार संपतो तिथून पुढे सरकवून आखावी. भिंतींपुरतं सांगायचं तर भिंतीच्या पायापासून तिच्या उंचीच्या किमान एक तृतीयांश रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा आणि त्यात उतरत्या बाजूने मातीचा बांध घालावा. तीस मीटरच्या भिंतीपुढे दहा मीटर जागा सोडली की पडलेला दगड तिथेच थांबायची शक्यता पुष्कळ वाढते. भिंत जास्त उंच असेल किंवा तिच्या पोटात पडत्या दगडाला उड्या मारायला लावणारी धार असेल, तर पट्टा वाढवावा लागतो.

सगळ्या खाणी जपायच्या नाहीत. संपूर्ण रांगेत तीन-चार भिंती पुरेत: एकीत लाल पट्टा स्वच्छ असावा, एकीत डाइक, एकीत खांब, आणि एकीत थरांचा कल मोजता यावा. निवड भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि पवईच्या आयआयटीतल्या भूविज्ञान विभागासारख्या जाणकारांकडून व्हावी. बाकीच्या खाणींत पायऱ्या पाडून, माती भरून, स्थानिक झाडं लावावीत. जिथे खोल पाणी साठतं तिथे कठड्याने कड बंद करावी. खाणीच्या डोहाला काठ उथळ नसतो, पाऊल घसरलं की थेट खोल पाणी, म्हणून तिथे पोहायला उतरलेली मुलं बुडतात.

जपलेल्या भिंतीची निगा कशी राखायची, यातही चुका ठरलेल्या आहेत. बेसॉल्टची भिंत सहसा लाल पट्ट्यापाशी बिघडते. वरच्या थरातून झिरपलेलं पाणी मातकट लाल पट्ट्यावर अडतं आणि बाहेर येतं. पट्टा धुपून आत जातो, वरचा घट्ट दगड पुढे लटकतो, आणि खांबांच्या भेगांवरून सुटून एक दिवस खाली येतो. त्यात खाणीच्या सुरुंगांनी भिंतीच्या आतही तडे गेलेले असतात, आणि पिंपळ-उंबराची मुळं ते रुंद करतात. अशा वेळी कंत्राटदाराचं पहिलं उत्तर असतं सिमेंटचा फवारा. त्याने दोन गोष्टी होतात. वाचायचा छेद कायमचा झाकला जातो, आणि पाण्याला बाहेरची वाट बंद झाल्याने मागे दाब वाढून फवाऱ्याचाच पापुद्रा दगडासकट सुटतो. बरोबर क्रम वेगळा आहे. आधी माथ्यावर, कडेपासून तीन-चार मीटर मागे, पाणी बाजूला नेणारं दगडी गटार. मग पावसाळ्याआधी वरून दोरावर उतरून पहारीने सैल दगड पाडणं. मुळं उपटायची नाहीत, उपटली तर दगड हलतो. खोड कापून पुन्हा फुटणार नाही एवढंच पाहायचं. हे सगळं झाल्यावरही धोका उरला तरच तेवढ्या भागावर जाळी. दगडाची नस ओळखणारे वडार समाजाचे कामगार पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले आहेत. खाणी बंद झाल्यावर त्यांच्या हाताला काम मिळण्याची ही एक खरी जागा आहे, आणि कंत्राटाच्या अटींत तसं लिहिता येतं.

आता सर्वांत वजनदार हरकत. शहराला खडी लागतेच, ती कुठून आणायची? प्रश्न खरा आहे. पारसिक बंद करून मुरबाड किंवा उरणकडच्या एखाद्या गावाच्या पाठीवर क्रशर बसवला तर आपण फक्त धूळ दुसऱ्याच्या दारात नेली. त्यामुळे आकडे समोर ठेवूनच बोलायला हवं. एक हेक्टर डोंगर सरासरी तीस मीटर कापला तर तीन लाख घनमीटर दगड निघतो. घनमीटरला सुमारे २.९ टन धरले तर ८ लाख ७० हजार टन. वीस टनांच्या गाडीने साडेत्रेचाळीस हजार खेपा. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची सुमारे ९० मीटरची टेकडी उतरवली गेली तेव्हा या प्रमाणाची कल्पना अनेकांना पहिल्यांदा आली. दुसरीकडे ठाणे-नवी मुंबईत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा राडारोडा रोज निघतो, आणि त्यातला बराचसा खाडीकाठी किंवा याच खाणींत रात्री ओतला जातो. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार फोडलेल्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम-२५ पर्यंतच्या (‘एम’पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५ हून कमी ताकदीच्या पायाभरणीच्या काँक्रीटमध्ये पूर्ण वापरता येते. याने गरज संपणार नाही. पण महापालिका आणि सिडको यांनी आपल्याच निविदांत पदपथ, गटारं, पायाभरणी यांसाठी हे प्रमाण सक्तीचं केलं तर डोंगरावरचा भार लगेच कमी होईल. जुनी खडी पाणी जास्त शोषते, म्हणून आधी भिजवून घ्यावी लागते आणि विटा-लाकूड-जिप्समपासून वेगळी काढावी लागते. ठेकेदार तिला नाकारतात ते बहुधा इथेच, वर्गीकरण नीट झालेलं नसतं म्हणून. उपाय पाडकामाच्या जागेवरच वेगळं करणं हा आहे.

दुसरी हरकत पोटाची. नवी मुंबईसाठी जमीन दिलेल्या प्रकल्पग्रस्तांपैकी अनेकांनी खाणपट्टे घेतले, कर्ज काढून गाड्या आणि क्रशर उभे केले. त्यांना खलनायक ठरवून डोंगर वाचणार नाही. आधी शेत गेलं, मग खाडी आटली, आता खाण, अशी ही रांग आहे. त्यामुळे राडारोड्यापासून खडी करणाऱ्या केंद्रांची कंत्राटं देताना बंद झालेल्या खाणपट्टेधारकांना पहिला हक्क द्यावा. त्यांच्याकडे क्रशर आहेत, चाळण्या आहेत, गाड्या आहेत, हातखंडा आहे. फक्त खाद्य बदलायचं आहे.

आराखड्यातल्या फेरबदलावर हरकत-सूचना द्यायची वेळ आली की ‘डोंगर वाचवा’ एवढ्या दोन शब्दांची शेकडो पत्रं एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि एका ओळीत निकाली निघतात. पत्रात गाव आणि सर्व्हे नंबर लिहावा. जुन्या नकाशाची प्रत लावून त्यावर दोन समोच्च रेषांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहावं. भिंतीचा तारखेसह फोटो जोडावा आणि त्यावर लाल पट्टा बाणाने दाखवावा. मागणी एकाच वाक्यात करावी: या सर्व्हे नंबरचा उतार खाणकामापूर्वीच्या नकाशावरून धरावा आणि जमीन शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून आरक्षित करावी. पोच घ्यावी, तिच्यावर आवक क्रमांक आहे ना ते पाहावं, आणि सुनावणीच्या दिवशी तोच नकाशा हातात घेऊन जावं.